कानामागचे पांढरे केस

भामाकाकीच्या पडवीत त्या दिवशी सात माणसं बसली होती आणि मी सगळ्यांच्या मधोमध उभी राहून पुडक्याचे कागद सोडत होते. मिरजेहून नऊ तास ते पुडकं मी मांडीवर धरून आणलं होतं. फोंडाघाटात काच फुटू नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होते. शेवटचा कागद सुटला तशी मी फ्रेम दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"बघा काकी," मी म्हटलं, "कसे आलेत काका."

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. तिनं फोटोकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डोळे मिटून हात जोडले. मग तिच्या शेजारच्या पुरुषानं जोडले. मग एकेक करून सगळ्यांनीच जोडले.

भामाकाकी चहाचे पेले घेऊन आतल्या दारात उभी होती. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, नेहमीसारखं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी काय करून बसले आहे ते मला त्या क्षणी कळलं, आणि फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळायची सोय नव्हती.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. साल अठ्ठ्याण्णव. मिरजेला माझ्या वडिलांचा, अण्णांचा, शिरगुप्पे फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी सगळं अण्णा करायचे, पण त्यांचं नाव होतं ते 'एकट्याच्या' फोटोंसाठी. लोक कुठला तरी जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे, त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "एवढा एकटा काढून द्या." का, ते आम्ही विचारत नसू. अण्णा चण्याएवढा चेहरा मोठा करायचे, आजूबाजूची माणसं पुसून मागं राखाडी रंग भरायचे, आणि तपकिरी फ्रेमला हार अडकवायला वर दोन खिळे ठोकायचे. ते खिळे ठोकायचं काम मी बाराव्या वर्षापासून करत होते. तेराव्याच्या आधी फोटो हवा असायचा, त्यामुळे सगळी घाईच असायची.

मला या कामाचा कंटाळा होता. खरं सांगायचं तर लाज वाटायची. मला मोठी फोटोग्राफर व्हायचं होतं. पुण्यात प्रदर्शन भरवायचं, ज्यांची माणसं दर्यानं नेली आणि ज्यांनी घर एकटीनं ओढलं अशा बायकांचं, असं ठरवून मी कॅमेरा उचलला आणि सात महिने डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरले. बर्फात कोळंबी सोलून बोटांची नखं गेलेल्या बायका पाहिल्या. मिठागरात पावलं चिरून त्यात मीठ भरलेलं असतानाही हसून चहा विचारणारी एक आजी पाहिली. उलट्या होडीवर दोन दिवस बसून राहिलेला एक माणूस भेटला, त्याला विचारलं तर म्हणाला की सगळ्यात जास्त आठवण पेजेची आली. या माणसांनी मला जेवू घातलं, झोपायला जागा दिली, आपलं सगळं सांगितलं. मी फोटो काढले आणि पुढच्या गाडीत बसले. समोर दुःख दिसलं की माझं बोट आपोआप बटणावर जायचं. तेव्हा मला तो माझा गुण वाटायचा.

आदल्या डिसेंबरात मी आडबंदरला पोचले. मालवणच्या बाजूचं छोटं गाव, साठ-सत्तर घरं गाबितांची, म्हणजे दर्यावर मासेमारी करणाऱ्यांची. तिथं मी आठ दिवस सत्यभामा कुबल हिच्याकडे राहिले. सगळं गाव तिला भामाकाकी म्हणायचं, मीही म्हणू लागले. पंचेचाळिशीची, सडपातळ, आवाज मात्र मासळीच्या लिलावात पहिला ऐकू येणारा. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा मोतीराम आणखी चार जणांबरोबर होडी घेऊन गेला आणि वादळात होडी परत आली नाही. एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. बाकीच्या चार घरांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. भामाकाकीनं नाही केली. तिचं कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं, हिरवा चुडा राहिला. गावातल्या काही बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. ती कोणाशी भांडली नाही. रोज पहाटे मासळी घ्यायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायची, आणि मुलगी रत्नप्रभा हिला तिनं बारावीपर्यंत शिकवलं.

आठ दिवसांत तिनं मला नवऱ्याचा फोटो दाखवला नव्हता. निघायच्या दिवशी ट्रंकेतून एक फोटो काढला. नव्या होडीच्या पूजेचा, चौदा माणसं दोन रांगांत उभी. मागच्या रांगेतल्या तिसऱ्या चेहऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो मोठो करून देशीत?" तिनं विचारलं. रत्ना तेव्हा तेरा वर्षांची होती, बापाचं तोंड आता पुसट होत चाललंय म्हणते, म्हणून.

मी हो म्हटलं. आणि मिरजेला आल्यावर ग्रुप फोटोवर बोट ठेवलं की आमच्याकडे जे होतं तेच मी केलं. आजूबाजूचे तेरा जण पुसले. राखाडी रंग भरला. तपकिरी फ्रेम लावली आणि वर दोन खिळे ठोकले. माझ्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. वर पुन्हा आपण किती मनापासून काम केलं याचा अभिमान होता, म्हणून टपालानं न पाठवता मी स्वतः घेऊन गेले.

आणि एप्रिलात गेले ती नेमकी रत्नाच्या लग्नाची बोलणी चालू असताना. पलीकडच्या वाडीतले धुरी, मुलाचे वडील, दोन चुलते आणि ती म्हातारी आजी, असे आले होते. रत्नाकडून तिचे मोठे काका वामन, त्यांची बायको आणि एक शेजारी. वामनकाका म्हणजे मोतीरामचे थोरले भाऊ. लग्न ठरल्यातच जमा होतं. एकच गोष्ट अडली होती. पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावामागं श्री. घालायचं की कै., हे कोणी ठरवत नव्हतं. धुरी वाईट माणसं नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लग्न लागण्याआधी काय ते एक होऊ दे, उद्या चार लोकांनी बोट दाखवायला नको. वामनकाका दोन वर्षांपासून क्रियेसाठी मागं लागले होते. भामाकाकी तासभर एकटी सगळ्यांना थोपवून बसली होती, चहा आणायला म्हणून आत गेली, आणि तेवढ्यात मी फ्रेम घेऊन हजर झाले.

फोटोला हात जोडून झाल्यावर वामनकाकांनी मोठा सुस्कारा सोडला.

"बरा झाला," ते म्हणाले. "भामान शेवटी मनार घेतल्यान."

'ही फ्रेम मी मागितली नव्हती,' एवढं एक वाक्य तिनं बोलायचं होतं. पाहुण्यांपुढं माझी फजिती झाली असती, पण तिची बाजू राहिली असती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं पेले खाली ठेवले.

"रत्ना," तिनं आत हाक मारली, "चेडू लांबसून इला. पयली तेका च्या दी."

चेडू, म्हणजे मुलगी, ती मी. तेवढंच. बाकीचं मग तिच्याशिवायच ठरत गेलं. कै. घालायचं. लग्नाआधी क्रिया उरकायची. पुढच्या सोमवारी वामनकाका पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देतील. म्हातारी आजी फोटोतल्या माणसाबद्दल चांगलं बोलली, किती देखणा होता वगैरे. मी चहा प्यायले.

पाहुणे गेल्यावर रत्ना मागच्या दारी भांडी घासत होती तिथं मी गेले. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, डिसेंबरात माझ्या मागं मागं फिरून लेन्समधून बघायला मागायची. तिनं मान वर केली नाही.

"ताई," ती म्हणाली, "आज तुमी माज्या बाबांका मारलात."

मग तिनं सांगितलं की तिला श्री. आणि कै.चं काही पडलेलं नाही. तिला एवढंच कळतं की हळद पाच सवाष्णी लावतात. बाबांची क्रिया झाली की आई त्या पाचांत नाही. गेली सहा वर्षं ज्या हातांनी मासे विकून तिला वाढवलं त्या हातांनी तिच्या अंगाला हळद लागणार नाही, आई मांडवाच्या मागं उभी राहून पाहील. मला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. आमच्याकडेही असंच चालायचं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते आपल्या हातानं कोणावर आणणं वेगळं.

दुपारी भामाकाकी अंगणात सुकी मासळी निवडत होती. मी शेजारी बसले आणि रडू लागले. माफी मागायची होती, ती शब्दांत आलीच नाही.

"रडा नको," ती म्हणाली. "तुजी चूक नाय. मी मोठो करून दी म्हटलंय, तू दिलंस. इतक्या लांबसून उरार धरून हाडलंस, त्या लोकांपुढं मी तुका खाली बगूक लावू?" मग थोडा वेळ तिनं मासळी निवडली. "फक्त ह्यो फोटो घेवन जा, बाय. हय ऱ्हवलो तर येतलो तो हात जोडतलो."

मी फ्रेम पुन्हा गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. येताना काच फुटू नये म्हणून जपत होते, जाताना फुटली तर बरं असं वाटत होतं.

अण्णांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं आणि ते रागावलेच. "चौकट लावायला कुणी सांगितलं होतं तुला?" म्हणाले. मी म्हटलं, आपण नेहमी लावतोच की. चाळीस वर्षं ते काम करणारा माणूस तेच. बराच वेळ त्यांनी फ्रेम मांडीवर घेऊन त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पकडीनं वरचे दोन खिळे उपटले, काच काढली आणि विचारलं, "बाईंचा फोटो आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे तिचे दोनशे फोटो होते. टोपली उचलताना, घाम पुसताना, पाठमोरी चालताना, चुलीपुढं. अण्णांनी सगळे पाहिले आणि म्हणाले की सगळ्यांत बाई कष्टच करतेय, नुसती बसलेली कुठंच नाही. शोधून शोधून एक सापडला. आठव्या दिवशी माझी रीळ संपत आली होती म्हणून सहज काढलेला. ती पायरीवर बसून उजवीकडे रत्नाकडे बघत होती, थोडी हसत.

"ह्यांचा जोडीनं कधी फोटोच निघाला नसेल," अण्णा म्हणाले. "जोडीचा फोटो भिंतीवर असला की कोणी हात जोडत नाही."

मग ते कामाला लागले. तेव्हा कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता. दोन फोटो वेगवेगळे मोठे करायचे, उजेड एका बाजूचा दिसेल असे छापायचे, ब्लेडनं कापून जोडायचे, त्याचा पुन्हा फोटो काढायचा आणि मग ब्रश घेऊन सांधा बुजवत बसायचं. बुधवारचा दिवस त्यातच गेला. गुरुवारी सकाळी अण्णा टेबलापाशी नुसते बसून होते. मी विचारलं, काय झालं.

"ही बाई आत्ताची आहे," ते म्हणाले. "आणि हा सहा वर्षांपूर्वीचा. जोडी जमत नाही."

मला वाटलं, उजेडाचं काही म्हणताहेत. तसं नव्हतं. फोटोतला माणूस एक्केचाळीसचा होता, तो आता सत्तेचाळीसचा करायला हवा होता. आयुष्यभर अण्णांनी उलटंच केलं होतं. लोक म्हणायचे, जरा तरुण दिसू देत, आणि अण्णा सुरकुत्या पुसायचे. आता ते मला विचारत होते, भाऊ कसा दिसतो? टक्कल पडलंय का? गाल बसलेत का? डोळ्यांखाली कसं आहे? मी वामनकाकांचं वर्णन केलं. अण्णांनी कपाळ थोडं मागं नेलं, डोळ्यांखाली दोन रेषा घातल्या, मानेपाशी जरा सैल केलं. ब्लेडच्या टोकानं कानशिलावरचा काळा रंग खरवडून पांढरे केस काढले, एकेक. दोन दिवस ते दुसऱ्या कोणाचं काम घेईनात. आमचं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत बसायचं आणि अण्णा आतून उद्या या म्हणायचे. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि त्यांचा हात कसा चालतो ते पाहिलं. इतकी वर्षं मी त्याच घरात होते.

शनिवारी आम्ही दोघं निघालो. फ्रेम न्यायची नाही असं अण्णांनी बजावलं. पुठ्ठ्यात नुसता फोटो, आणि पिशवीत ब्रश, ब्लेड आणि काळ्या रंगाची वाटी. आधी बाईंना दाखवायचा, म्हणाले, मग पुढचं.

आडबंदरला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. घरी भामाकाकी आणि रत्ना दोघीच होत्या. मी अण्णांची ओळख करून दिली. मला पाहून रत्ना आत निघून गेली. भामाकाकीनं पाणी दिलं, प्रवास विचारला, आणि मी पुठ्ठा तिच्या हातात ठेवला. या वेळी मी कागद सोडला नाही.

तिनं फोटो काढला. गुडघ्यांवर धरला. फोटोत ती पायरीवर बसली होती आणि शेजारी तो, तिच्याकडे किंचित कललेला, थकलेला, पिकायला लागलेला. अण्णांना राहवेना. ते म्हणाले, "बाई, पांढरं सगळं अंदाजानं केलंय. चुकलं असेल तर सांगा, नीट करतो."

तिनं फोटोवर बोट टेकलं.

"हयसून नाय," ती म्हणाली. "तेचे केस कानामागसून पिकाक लागतले. बापाशीचे तशेच पिकलेले. कपाळाकडचे काळेच ऱ्हवतले, साठ वर्सांचो होयसर."

अण्णांनी पिशवी उघडली. पडवीत उजेडाला बसून त्यांनी कानशिलावरचे पांढरे केस ब्रशनं काळे केले आणि कानामागं ब्लेड चालवलं. भामाकाकी शेजारी बसून सांगत होती. थोडे अजून. खाली मानेकडे नको. मिशीत एक-दोन असूं देत, मिशी तो कात्रीनं बारीक ठेवायचा. एकदा तिनं अण्णांना थांबवलं आणि म्हणाली की डोळ्यांखाली एवढं नको, रोज घरी जेवला असता तर एवढा सुकला नसता. अण्णांनी तेही पुसलं. रत्ना केव्हा येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली ते मला कळलंही नाही. मला आठवतं ते एवढंच की दोघं म्हातारपणाबद्दल बोलत होती आणि त्यात कोणालाही काही विचित्र वाटत नव्हतं.

संध्याकाळी वामनकाका आले. उद्याचा दिवस सोडून पत्रिका द्यायची होती, म्हणून मजकूर दाखवायला आले होते. भामाकाकीनं फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. आधी नुसता पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"माज्यासारकोच दिसता," ते म्हणाले.

आणि ते खाली बसले, जमिनीवरच. त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं की ते रडताहेत. मग जे त्यांनी सांगितलं ते गावातल्या कोणालाही ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यांच्या बायकोलाही नसावं. त्या दिवशी होडीवर जायची पाळी त्यांची होती. अंगात ताप होता, म्हणून मोतीराम म्हणाला, तू पड, मी जातो. दोन वर्षं ते क्रियेसाठी मागं लागले होते ते यासाठी की एकदा भटजींनी मंत्र म्हटले की आपलीही सुटका होईल. भामाकाकीचं कुंकू दिसलं की त्यांना वाटायचं ती आपल्याकडेच हिशोब मागतेय.

भामाकाकीनं ऐकून घेतलं. "माका ठावक होता," ती म्हणाली. "ताप होतो, तेका तुमी काय करतलात. च्या घेवा."

वामनकाकांनी चहा घेतला, मजकुराचा कागद खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच होडीनं पलीकडे धुऱ्यांकडे गेले. दुपारी परत आले ते हलक्या पावलांनी. त्यांनी तिथं काय सांगितलं ते आम्हांला सांगितलं नाही. धुरी थोडे अडले होते म्हणे. पण ती म्हातारी आजी, जिनं सगळ्यांत आधी हात जोडले होते, तीच मध्ये पडली. तिच्या स्वतःच्या लग्नात तिची आई विधवा म्हणून दाराआड उभी होती. आईच्या हातची हळद आपल्याला लागली नाही हे साठ वर्षांनंतरही आपल्याला डाचतं, असं ती म्हणाली, आणि पत्रिकेत काय छापायचं ते छापा पण मुलीला आईची हळद लागू दे. मग धुऱ्यांनी हट्ट सोडला.

पत्रिकेत श्री. मोतीराम छापलं गेलं.

लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात झालं. आम्ही दोघं गेलो. फोटो काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं आणि हळदीच्या वेळी मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. पाटावर रत्ना बसली होती. पाच बायका होत्या, त्यांत पहिली भामाकाकी. वाटीतली हळद बोटांना घेऊन तिनं आधी मुलीच्या पावलांना लावली, मग गुडघ्यांना, खांद्यांना, मग गालांना. गालांपाशी तिचे हात जरा थांबले. रत्नानं डोळे मिटले होते. बाकीच्या चौघी वाट पाहत उभ्या राहिल्या आणि कोणीही तिला आवर म्हटलं नाही. मी खूप रडले, लपवलं नाही.

कन्यादान वामनकाका आणि त्यांच्या बायकोनं केलं. वरात गेली, मांडव रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. भामाकाकी ओट्यावर टोपली धूत होती. भिंतीवर जोडीचा फोटो होता, साध्या चौकटीत. अण्णा म्हणाले, अजून पाच-सहा वर्षांनी सांगा, आणखी थोडे केस पिकवून देईन. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच वाटलं असावं की आपण जरा जास्तच बोललो.

ती हसली. "नको," म्हणाली. "आता क्रिया करतलंय. वामनभावजींका काल रातीच सांगलंय."

मी काहीतरी पुटपुटले, तुम्ही तर वाट बघत होता ना, असं काहीसं.

"वाट?" ती म्हणाली. "दर्यान घेतलेला दर्यो परत देना नाय, ह्या गाबताच्या चेडवाक सांगूक होया? माका पयल्या दिसाकच कळलेला."

तिनं टोपली उपडी केली, पाणी झटकलं. मग ती अण्णांशी बोलली, माझ्याशी नाही. ती म्हणाली की बाकीच्या चौघी आपल्या नवऱ्यांना सोडून मोकळ्या झाल्या. तिला तसं करता येईना. रत्नाचं व्हायचं होतं, ते एक कारण, आणि ते खरंच होतं. पण दुसरंही होतं, ते तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. रोज आरशात ती एकटीच म्हातारी होत चालली होती आणि तो ट्रंकेत तसाच तरणा पडून होता. आणखी दहा वर्षांनी तो तिचा धाकटा भाऊ दिसला असता, वीस वर्षांनी मुलगा. अशा माणसाला निरोप कसा द्यायचा, हे तिला समजत नव्हतं.

"तुमी तेका माज्या वयाचो करून दिलात," ती म्हणाली. "माका तो म्हातारो झालेलो बगूचो होतो. बगलंय. आता जावंदे तेका."

"आणि कुंकू?" मी विचारलं. न विचारायचं तेच माझ्या तोंडून जातं.

"कुकू ऱ्हवतला. ता काय तेणा लावल्यान नाय. माज्या आयशीन लायल्यान, मी पाळण्यात होतंय तेवा."

एवढं बोलून तिनं टोपली डोक्यावर घेतली, बाजाराची वेळ टळेल म्हणून आम्हांला नीट जा म्हणाली आणि गेली. अण्णा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभे राहिले. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता.

पुण्याचं प्रदर्शन मी भरवलं नाही. मिरजेला परत येऊन अण्णांच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांच्याकडून ब्रश धरायला शिकले. अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. सात माणसांपुढं एका वाक्यात जी मला उघडं पाडू शकत होती आणि जिनं त्याऐवजी मला चहा दिला, त्या बाईचे आभार मी त्या सकाळी मानले नाहीत. बाजाराची वेळ होती आणि मला शब्द सुचले नव्हते. सुचायला इतकी वर्षं लागली, काकी. आज मानते.